गिधाडांना जेवू घालण्याआधी मेडिकलच्या दुकानात जाऊन या

महाड तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाचा प्रश्न आहे. म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, ढोर मेलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आता वर्षाकाठी एखाद्या वेळी दोन-चार घिरट्या घालताना दिसली तर दिसली. ग्रामपंचायत सड्यावरची जागा द्यायला तयार आहे. तिथे मेलेली जनावरं टाकून ‘गिधाड उपाहारगृह’ सुरू करायचं मंडळाच्या मनात आहे. काळजी काय घ्यावी, आणि ‘हे अशुभ पाखरू परत आणायचंच कशाला’ असं म्हणणाऱ्यांना काय सांगावं, असं त्यांनी विचारलंय.

मी पशुवैद्यक आहे, पक्षीतज्ज्ञ नाही. नोकरीची बहुतेक वर्षं कोकणातल्या दवाखान्यांत गेली आणि गिधाडांशी माझी ओळख झाली ती गोठ्यातून. म्हणून माझं उत्तरही गोठ्यातूनच सुरू होणार. सड्यावर कुंपण घालायला निघाला असाल तर जरा थांबा. पहिलं काम तालुक्याच्या गावी आहे, मेडिकलच्या दुकानात.

कारण सांगतो. १९८०च्या दशकापर्यंत गिधाडं आपल्याकडे इतकी होती की ती मोजावीत असं फारसं कुणाला वाटलं नाही. मग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांना राजस्थानात भरतपूरला दिसलं की घरटी ओस पडताहेत आणि पक्षी मान खाली टाकून फांद्यांवर बसलेत. ते तसेच बसून राहत आणि काही दिवसांत मरून पडत. आधी संशय रोगावर गेला, कीटकनाशकांवरही गेला. उत्तर मिळालं २००४ साली, पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या शवविच्छेदनातून. मेलेल्या गिधाडांच्या काळजावर, यकृतावर पांढरी, खडूसारखी पूड साचली होती. ते युरिक आम्ल. मूत्रपिंडं बंद पडली की ते रक्तात साठतं आणि अवयवांवर बसतं. मूत्रपिंडं बंद पाडली होती डायक्लोफेनॅकने. सूज, ताप, लंगडणं यांसाठी जनावरांना जे इंजेक्शन सर्रास दिलं जायचं, तेच. ते टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं तर औषध मांसात, विशेषतः यकृतात आणि मूत्रपिंडात, शिल्लक राहतं. गिधाड नेमकं तेच आधी खातं.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची (म्हणजे शेपटीच्या वर पाठ पांढरी असलेली) गिधाडं भारतात ९९.९ टक्के घटली. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या रायगडात झाडावर घरटं करणारं जे गिधाड आहे, ते यातलं पहिलं.

आता एक आकडा मंडळातल्या प्रत्येकाने पाठ करावा. इतकी मोठी घट व्हायला किती जनावरं विषारी असावी लागतात? संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा उत्तर आलं की १३० ते ७६० मृत जनावरांमागे एक पुरेसं आहे. दरशेकडा एकसुद्धा नाही. पहिल्यांदा वाचलं की खोटं वाटतं, पण गिधाडाची रीत बघा. ते दोन-चार दिवसांनी एकदा भरपेट खातं, म्हणजे वर्षाची शंभरावर जेवणं, आणि प्रत्येक जेवण वेगळ्या मढ्यावर. त्यातलं एकच चुकीचं निघालं तरी खेळ संपला. शिवाय एका बैलावर पन्नास-साठ पक्षी एकदम बसतात, त्यामुळे मरतात तेही एकदम. भरपाई मात्र अतिशय सावकाश होते. वर्षाला एकच अंडं, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं. या औषधावर बंदी येण्याआधी देशभरातून घेतलेल्या नमुन्यांत साधारण दहा टक्के मृत गुरांच्या यकृतात डायक्लोफेनॅक सापडलं होतं. मग ही जात पूर्ण नाहीशी झाली नाही याचंच नवल.

तर मुद्दा असा की उपाहारगृह ही दुधारी गोष्ट आहे. जंगलात, डोंगरात विखुरलेली मढी खाणारे पक्षी तुम्ही एका जागी बोलावता. अन्न शुद्ध असेल तर फायदा मोठा. एक जनावर चुकलं तर पाच तालुक्यांतली उरलीसुरली गिधाडं एका दुपारी विष खाऊन जातील आणि मरायला भलतीकडे जातील, तुम्हाला कळणारही नाही. या कारणासाठी मी मेडिकल आधी म्हणतो आणि सडा नंतर.

मेडिकलमध्ये बघायचं काय? जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ मध्ये बंद झालं. पण माणसांसाठीचं चालूच राहिलं आणि त्याच्या ३० मिलीच्या बाटल्या निघाल्या. माणसाला एका वेळी ३ मिली लागतं. ३० मिलीची बाटली कुणासाठी होती हे सांगायला ज्योतिषी नको. बंदीनंतरच्या काही वर्षांत दुकानांची गुपचूप पाहणी झाली तेव्हा तीनातल्या एकाहून जास्त दुकानांत जनावरासाठी मागितल्यावर डायक्लोफेनॅक पुढे आलं. शेवटी २०१५ मध्ये सरकारने माणसांच्या इंजेक्शनवर ३ मिलीची मर्यादा घातली. औषध कंपन्या कोर्टात गेल्या, पण २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मर्यादा कायम ठेवली. या मर्यादेचा उपयोग साध्या अंकगणितात आहे. ३०० किलोच्या गाईला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास डायक्लोफेनॅक टोचायचं तर ३ मिलीच्या, म्हणजे ७५ मिलिग्रॅमच्या, चार काचा (कुप्या) फोडाव्या लागतात. कटकट वाढली की वापर कमी होतो. तरी चार काचा फोडणारे अजून आहेत.

पुढची गोम अशी की डायक्लोफेनॅक गेल्यावर त्याचे भाऊबंद आले. असिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. नाव वेगळं, विष तेच. केटोप्रोफेनही गिधाडाला मारतं. ही दोन्ही जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. निमेसुलाइडवर २०२४च्या अखेरीस बंदी आली. फ्लुनिक्सिनने परदेशात गिधाड मेल्याची नोंद आहे, म्हणून मी ते संशयितांत धरतो. बंदीचा कागद निघाल्यावर फडताळातला साठा आपोआप नाहीसा होत नाही, आणि गोठ्यात सलाईन-सुया घेऊन फिरणाऱ्या, पदवी नसलेल्या मंडळींपर्यंत कागद पोचतही नाही. त्यांना दुकानातून जे मिळतं ते ते टोचतात. मी त्यांना फार दोष देत नाही. रात्री अकरा वाजता वाडीवर म्हैस अडली तर सरकारी दवाखान्यातून कोण पोचतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

गिधाडांना सुरक्षित ठरलेली दोन औषधं आहेत, मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल. मेलोक्सिकॅम सगळीकडे मिळतं, आता महागही राहिलेलं नाही. त्याबद्दल गोठ्यात एकच तक्रार ऐकायला मिळते, ‘डॉक्टर, याने उतार पडत नाही.’ बहुतेक वेळा कारण मात्रेत असतं. मेलोक्सिकॅम किलोला अर्धा मिलिग्रॅम लागतं. ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम. जनावरांसाठीची नेहमीची बाटली मिलीलीटरला ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ३० मिली टोचावं लागतं. इतकी मोठी सिरिंज बघून मालक दचकतो, टोचणारा हात आखडता घेतो, दहा मिलीत भागवतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘जुनंच बरं होतं’ म्हणतो. बाटलीवरची तीव्रता वाचा, अधिक तीव्रतेचं मिळत असेल तर ते घ्या, दोन-तीन जागी वाटून टोचा. अर्थात हे ठरवायचं पशुवैद्यकाने. मंडळाने फक्त एवढा आग्रह धरायचा की आमच्या गावात मेलोक्सिकॅमच टोचलं जाईल, आणि पूर्ण मात्रेत.

हे एका गावाने करून भागत नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. गिधाड दिवसाला शंभर किलोमीटर सहज उडतं. म्हणून संवर्धनवाले घरट्यांच्या भोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा ‘सुरक्षित टापू’ धरतात. महाडला कंपासचं टोक टेकवून वर्तुळ काढा. चिपळूण, सातारा, पुणे, अलिबाग सगळं आत येतं. पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढं, अर्थात त्यातला पश्चिमेकडचा भाग समुद्रात जातो. एवढ्या मुलखातली दुकानं तुम्ही तपासणार नाही. पण तालुक्यातली तपासू शकता, आणि शेजारच्या तालुक्यात कुणी ओळखीचं निघतंच. दुकानदाराशी भांडू नका. ‘जनावरासाठी डायक्लो द्या’ असं मागून चित्रफीत काढायची आणि समाजमाध्यमावर टाकायची, असला उद्योग तर मुळीच नको. तो पुढच्या वेळी मागच्या दाराने विकेल. मेलोक्सिकॅम ठेवा, आम्ही गावातून मागणी आणतो, असं सांगितलं की दुकानदार ऐकतो. ऐकलंच नाही तर जिल्ह्याला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे.

आता सडा. जनावर स्वीकारताना मालकाला एकच प्रश्न विचारायचा: शेवटच्या पंधरवड्यात काय टोचलं, कुणी टोचलं? उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर जनावर सरळ पुरायचं. संकोच नको. वहीत तारीख, जनावर, आजार, औषध लिहायचं, आणि शक्य असेल तिथे रिकामी बाटली बघायची, कारण मालकाला नाव आठवत नाही पण बाटली गोठ्याच्या वळचणीला पडलेली असते. माझा अनुभव असा की अपघाताने, साप चावून, कड्यावरून पडून किंवा म्हातारपणाने मेलेली जनावरं सगळ्यात निर्धोक असतात. दहा दिवस उपचार चालू असलेलं दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीचं धूड कितीही मोठं असलं तरी मोहात पडू नका. सुई देऊन दयामरण दिलेलं जनावरही चालणार नाही, ते औषधसुद्धा मांसात राहतं.

काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असेल, म्हणजे जनावर अचानक मेलंय आणि नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येतंय, तर त्याला हात लावायचा नाही. कातडी सोलायची नाही, ओढायचं नाही. पशुवैद्यकाला बोलवायचं आणि तिथेच चुना घालून खोल पुरायचं. गिधाडाच्या जठरातलं आम्ल फार जहाल असतं, त्याला काळपुळीचं फारसं भय नाही. भय तुम्हाला आहे. पिसाळून मेलेल्या जनावराचंही तेच. लम्पीची साथ २०२२ मध्ये आली तेव्हा जनावरं खोल पुरायचा आदेश होता आणि तो योग्यच होता, पण त्या वर्षी डोंगरात गिधाडांना खायला काय उरलं असेल याचा विचार कुणी केला नाही. साथ असताना साथीचा नियम पाळायचा, उपाहारगृह बंद.

जागा निवडताना वस्ती आणि विहिरी-झरे यांपासून लांब, उताराच्या खाली पाण्याचा वापर नाही अशी बघा. वरून विजेची तार जाता कामा नये. पोट भरलेलं गिधाड जड असतं, उडताना त्याला लांब धाव लागते आणि तारा त्याला चुकवता येत नाहीत. कुंपण कुत्र्यांसाठी हवं, कारण कुत्री जमली की गिधाड उतरतच नाही. कातडी काढलेलं जनावर पक्ष्यांना लवकर फोडता येतं. वनविभागाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. गिधाड हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि परवानगीविना केलेलं चांगलं कामही पुढे अंगाशी येतं. नाशिककडे खोरीपाड्याला वनविभागाने असं उपाहारगृह चालवलंय. तुमच्याच जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर काम केलंय. आधी तिथे जाऊन या. छापील मार्गदर्शिका वाचण्यापेक्षा तिथल्या म्हाताऱ्यांशी दोन तास बोलणं उपयोगी पडेल.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याही मार्गदर्शिकेत नसते. मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम गावात कुणावर लादलं जायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९२७ साली तुमच्याच महाडला बाबासाहेबांनी ते काम आणि ते मांस दोन्ही सोडा म्हणून सांगितलं. उपाहारगृहाच्या नावाखाली ते काम पुन्हा त्याच वस्तीकडे सरकणार असेल, ‘त्यांना सवय आहे’ असं बैठकीत कुणी म्हणालं, तर उपाहारगृह करू नका. ट्रॅक्टरची ट्रॉली ठरवा, पंचायतीच्या ठरावात भाडं लिहा, आणि ओढायला मंडळातल्या सगळ्या आडनावांनी पाळीपाळीने जा. वास येतो. हातमोजे घ्या.

जनावरं कुठून येणार, हाही प्रश्न उरतोच. कोकणात गुरं कमी झालीत. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, गोठे रिकामे झाले. नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यात पिठौली गावी २००६ पासून एक प्रयोग चालला. गावकरी निकामी गुरं सांभाळतात, ती नैसर्गिक मरणाने मेली की गिधाडांना देतात. आधी काय टोचलं होतं हा प्रश्नच राहत नाही, कारण सगळा सांभाळ त्यांच्याच हातात असतो. तुमच्या टापूतल्या एखाद्या गोशाळेने हे मनावर घेतलं तर वहीचं अर्धं काम वाचेल. मला विचाराल तर उपाहारगृह सुरू करण्याची हीच एक पद्धत मी मनापासून सुचवेन. घरोघरची जनावरं गोळा करणं हा दुसऱ्या पसंतीचा मार्ग.

घरट्यांकडेही लक्ष असू द्या. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड उंच, जुन्या झाडावर घर करतं, आंबा, बेहडा अशा. ही झाडं खाजगी मालकीची असतात आणि लाकडाचा व्यापारी दारात रोख पैसे घेऊन उभा असतो. मालकाला झाडाच्या किमतीच्या मानाने काहीतरी दरवर्षी मिळेल अशी सोय केल्याशिवाय ‘झाड वाचवा’ म्हणण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडं, मार्च-एप्रिलपर्यंत पिल्लू घरट्यात. या काळात त्या झाडाखाली कॅमेरेवाल्यांची जत्रा भरू देऊ नका. घरट्याचा पत्ता तुमच्या मंडळाच्या बाहेर जाऊ देऊ नका, फोटोबरोबर तर नाहीच.

पिंजोरला, हरियाणात, गिधाडं वाढवून सोडण्याचं केंद्र आहे. तिथली काही २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. ‘आमच्याकडेही सोडा’ अशी मागणी करायचा मोह तुम्हाला होईल. टापू सुरक्षित झाल्याशिवाय सोडलेला पक्षी मरायलाच सोडलेला असतो, म्हणून ती मागणी आत्ता नको.

अशुभ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. सीतेसाठी लढून पडलेला जटायू कोण होता, एवढं विचारलं तरी म्हातारी माणसं हसून गप्प होतात. तरुणांना कुत्र्यांबद्दल सांगा. गिधाडं गेली, मढी कुत्र्यांना मोकळी झाली, कुत्री वाढली, आणि रेबीजही. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसं मेली, सडकी मढी आणि दूषित पाण्यामुळे, कुत्र्यांमुळे. मुंबईत डुंगरवाडीला, जिथे पारशी आपले मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवतात, तिथे पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले, कारण शतकानुशतकं जे काम पक्षी करत होते ते करायला कुणी उरलं नाही.

बिबट्याला किंवा भटक्या कुत्र्यांना मारायला मेलेल्या शेळीवर कीटकनाशक टाकायची खोड काही ठिकाणी आहे. आसाममध्ये कामरूप जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये अशाच विषारी मढ्यावर शंभराच्या आसपास गिधाडं एका फटक्यात मेली. गावात कुणी असं करत असेल तर उपाहारगृहाच्या आधी त्याच्या घरी जाऊन बसा. बिबट्याने शेळी नेली तर वनविभागाकडून भरपाई मिळते, तिचा अर्ज भरायला मदत करा.

मान टाकून बसलेलं गिधाड दिसलं तर पाणी पाजत बसू नका, दगड मारून उडवून बघू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि कुत्री लांब ठेवा. मेलेलं सापडलं तर पुरू नका, जाळू नका. सावलीत झाकून ठेवा, बर्फ मिळाला तर बर्फात, आणि पंचनामा करून शवविच्छेदन मागा. यकृत आणि मूत्रपिंडाचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे, असं पंचनाम्यात लिहून घ्या. मढ्याची जागा आसपास सापडली तर तिचाही फोटो आणि जनावराच्या मालकाचं नाव. त्या मालकाला गुन्हेगार करायचं नाही, त्याच्या गोठ्यातली बाटली कुठल्या दुकानातून आली एवढंच हवंय.